रोजगार हमी योजनेला (रोहयो) प्रयोगशाळेत कसे बसवणार?

संपादक महोदय,

विकासाच्या अभ्यासात अधूनमधून वारे फिरते. 1960 च्या सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ रोस्टोव्ह यांनी सांगितलेल्या आर्थिक वाढीच्या पायऱ्या चढल्या की गरीब देश श्रीमंत होणार होते. मग लॅटिन अमेरिकेतल्या अभ्यासकांनी गरीब देशांच्या श्रीमंत देशांवरील परावलंबनाचा मुद्दा लावून धरला. 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आलेल्या मानव विकास निर्देशांकाने उत्पन्नाशेजारी आयुर्मान आणि शिक्षण आणून बसवले. 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडून, काहींना योजना देऊन आणि काहींना न देता तुलनेचे प्रयोग करणाऱ्या बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना.

या पद्धतीबद्दल आदर आहेच; पण मागेल त्याला काम देणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीचे काय? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोचली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. दारिद्र्यरेषेची यादी नाही, तलाठ्याचा दाखला नाही; भर उन्हात खडी फोडायला येईल तो गरजू. पैशाचा एक भाग नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा. (हजेरीपटावर खोटी नावेही चढली, ते विसरून चालणार नाही.) कायद्याने सगळ्यांना दिलेला हक्क तुलनेसाठी निम्म्या गावांना नाकारता येत नाही, त्यामुळे प्रयोगाच्या चौकटीत तो बसणे अवघडच. म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरतो का?

आपल्या विद्यापीठांनी अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात रोहयो किमान एक पूर्ण प्रकरण म्हणून शिकवावी. हजेरीपटासकट.

— एक वाचक, सांगली