बिघाड लिहिणाऱ्यालाच गुन्हेगार का ठरवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उपकरण बंद, तरी विमानाला परवानगी’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली आणि राहवलं नाही. परवानगी घेतली हाच गुन्हा असल्यासारखी ती लिहिली आहे. धास्ती घ्यायचीच तर स्नॅग, म्हणजे बिघाड, टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) न लिहिता उडणाऱ्या विमानाची घ्या.

कोणतं उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर विमान उडू शकतं याची यादी, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट (एमईएल), मालकाच्या मर्जीने ठरत नाही. त्या प्रकारच्या विमानाची मास्टर लिस्ट आधीच मंजूर असते. तिच्यावरून आपल्या विमानाची यादी करायची, जे बसवलेलंच नाही ते गाळायचं आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मंजुरी घ्यायची. मास्टर लिस्टपेक्षा कडक चालते, सैल चालत नाही. दुरुस्तीची मुदतही ठरलेली: बी वर्गाच्या बिघाडाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०. बिघाड नोंदवला तो दिवस धरत नाहीत. सोमवारी नोंदवलेला बी वर्गाचा बिघाड गुरुवार संपेपर्यंत दुरुस्त झालाच पाहिजे. तोवर ते उपकरण अलग करायचं, सर्किट ब्रेकर ओढून तो चुकून परत दाबला जाऊ नये म्हणून त्याला कॉलर लावायची, पॅनेलवर ‘इनऑप’ (बंद) अशी पट्टी चिकटवायची, लॉगमध्ये नोंद करायची. एवढं करूनही वैमानिक ‘मी नेणार नाही’ म्हणू शकतो. यातलं काय बेजबाबदार आहे?

खासगी मालकाचं घोडं अडतं ते शेऱ्याच्या रकान्यात. मास्टर लिस्टमध्ये तिथे कंसात ‘एम’ किंवा ‘ओ’ असतं. ‘एम’ म्हणजे देखभालीचं काही काम, ‘ओ’ म्हणजे चालवणाऱ्यांनी पाळायची पद्धत. ती नेमकी कशी, हे ज्याने त्याने लिहायचं. विमान कंपन्यांकडे त्यासाठी माणसं असतात, एकाच विमानाच्या मालकाकडे कुठून येणार? मग मास्टर लिस्ट जशीच्या तशी उतरवली जाते, ‘नियमानुसार आवश्यक’ असं जिथे आहे तिथे भारतातला नियम घालायचा राहतो, आणि फाइल परत येते.

तो रकाना कोरा राहिला की काय होतं, हे २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या उड्डाणात दिसलं. बोइंग ७६७ चे इंधनाचे काटे बंद होते. तशा अवस्थेत उडायला यादीची मुभा नव्हती. पण विमान नवं, यादी सारखी बदलत होती, कार्यपद्धतीची काही पानं कोरीच होती. मग वैमानिक देखभाल विभागाच्या होकारावर विसंबले. टाक्या मोजपट्टीने मोजल्या, ७,६८२ लिटर निघालं. लागणार होतं २२,३०० किलो. किलोसाठी लिटरला साधारण ०.८ ने गुणायचं, ते पौंडांच्या १.७७ ने गुणलं. २०,००० लिटरच्या वर भरायचं तिथे ४,९१७ लिटर भरलं. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी इंजिनाविना विमान गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, म्हणून ६९ जीव वाचले.

आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर एखाद्या खासगी विमानाचा लँडिंग लाइट गेला असं धरा. दिवसाच्या उड्डाणाला बहुतेक याद्यांत तो बंद चालतो. मंजूर यादी असेल तर नोंद करून, पट्टी लावून विमान निघतं. नसेल तर सुटा भाग आणि एएमई (परवानाधारक देखभाल अभियंता) बाहेरून येईपर्यंत उन्हात उभं, नाहीतर फेरी उड्डाणाची, म्हणजे फक्त दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याची, विशेष परवानगी, तीही प्रवासी न घेता. मग कुणीतरी म्हणतं, पुण्याला पोचल्यावर लिहू. बिघाड दडतो तो असा.

युरोपात लहान, बिगर-व्यावसायिक विमानाच्या मालकाने यादी करून नियामकाला कळवली की पुरतं. तेवढी सूट नको. पण नेहमीच्या प्रकारांसाठी, निदान एका पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी आणि किंग एअर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानासाठी, ‘एम’ आणि ‘ओ’चे रकाने भरलेला नमुना डीजीसीएने द्यावा. मालकाने आपल्या विमानापुरते फेरफार करून तो दाखल करावा. याचा पाठपुरावा तुमच्यासारख्या वृत्तपत्राने करायला हवा.

आणखी एक. त्याच बातमीत त्या विमानाला ‘चार्टर’ म्हटलं आहे. खासगी विमानातून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत; त्यासाठी नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं, आणि नियमही वेगळे लागतात. निवडणुकीच्या दिवसांत सोलापुरात उतरणारं प्रत्येक छोटं विमान तुमच्या पानावर चार्टरच असतं. कृपया दुरुस्ती छापा. छापताना तो बिघाड कोणत्या वर्गातला होता आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हेही विचारून छापा.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, सोलापूर