लहानखुऱ्या पिल्लाची किंमत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात यॉर्कशायर टेरियर जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिराती वरचेवर येतात आणि त्यांपैकी पुष्कळ जाहिरातींत ‘टीकप’ (म्हणजे चहाच्या कपात मावेल इतके लहान) किंवा ‘मिनी’ हा शब्द ठळक टाइपात असतो. वेतातल्या सर्वांत लहान पिल्लाची किंमत त्याच्या भावंडांपेक्षा जास्त लावली जाते आणि घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. गेले तीन महिने असे एक पिल्लू मी स्वतः सांभाळत आहे आणि त्याच्यासाठी घर शोधताना जे अनुभवले, त्यावरून ही प्रथा चुकीची आहे अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या कुत्रीला चार पिल्ले झाली. तिघांचे जन्माचे वजन ११० ते १३० ग्रॅम भरले. चौथी, मादी, अवघी ७२ ग्रॅमची होती. निरोगी पिल्लाचे वजन साधारण आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. हिला त्यासाठी सोळा दिवस लागले. भावंडे तिला आचळापासून ढकलून देत, त्यामुळे पहिले काही दिवस तिला दर दोन तासांनी पिल्लांसाठीचे तयार दूध पाजावे लागले, आणि त्याआधी प्रत्येक वेळी तिचे अंग उबदार आहे ना हे पाहावे लागले, कारण अंग गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि त्या स्थितीत पाजलेले दूधच त्याच्या जिवावर बेतू शकते. आज बाराव्या आठवड्यात तिची भावंडे किलोच्या पुढे गेली आहेत आणि ती ५८० ग्रॅमची आहे. चालते, खेळते, भुंकते. पण रोज सकाळी तिला काट्यावर ठेवताना अजूनही माझा जीव थाऱ्यावर नसतो.

पिल्ले पाहायला येणाऱ्यांचे लक्ष मात्र नेमके तिच्यावरच जात असे. तीन गुटगुटीत पिल्ले समोर खेळत असताना लोक तिलाच उचलून घेत आणि ‘ही एवढीच राहणार ना?’ असे विचारत. एका गृहस्थांनी ती सहा आठवड्यांची असतानाच भावंडांच्या दुप्पट किंमत देऊ केली आणि इसारही काढून समोर ठेवला. ती किती वेळा खाते, तिला तपासून घेतले आहे का, यांतले त्यांनी काहीच विचारले नाही. मी नकार दिला तेव्हा मी भाव वाढवते आहे असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी आकडा आणखी वर नेला.

‘टीकप’ नावाची कोणतीही मान्य उपजात नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट व्हायला हवे. कुत्र्यांच्या जातींची मानके ठरवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबनुसार यॉर्कशायर टेरियरचे वजन ३.२ किलोपर्यंत असते. त्याहून खाली वेगळी प्रतिष्ठेची पायरी कुठेही नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-कारखान्यांच्या मुलखात उंदीर-घुशी मारण्यासाठी कामगारांनी जी चपळ टेरियर कुत्री पाळली, त्यांच्यापासून ही जात घडली. प्रदर्शनांच्या आणि हौसेच्या ओघात ती आकाराने लहान होत गेली खरी, पण आजही चांगल्या यॉर्कशायर टेरियरकडून नीट बांध्याची, हिंडण्याफिरण्याची ताकद असलेल्या कुत्र्याचीच अपेक्षा असते.

लहानखुरेपणा हा काही वेळा केवळ योगायोग असतो. गर्भात कमी पोषण मिळाले, जन्मानंतर दूध कमी पडले, जंत झाले, यांतल्या कशानेही पिल्लू मागे पडते आणि काळजी घेतल्यास पुष्कळ अंशी भरून निघते. परंतु काही वेळा तेच आजाराचे पहिले लक्षण असते. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतातून न जाता एका जन्मजात आडवाटेने थेट मुख्य रक्ताभिसरणात मिसळते, असा एक दोष या जातीत इतर अनेक जातींपेक्षा अधिक आढळतो. अशी पिल्ले वाढत नाहीत, जेवणानंतर सुस्त किंवा भ्रमिष्टासारखी होतात आणि पुढे त्यांना आकडीही येऊ शकते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील पित्ताम्ले मोजली की या दोषाचा संशय घ्यायचा की नाही, हे बहुतेक वेळा कळते. हृदयात जन्मजात दोष असल्यास पशुवैद्याला स्टेथोस्कोपने वेगळा आवाज ऐकू येतो. डोक्यावरची टाळू भरली आहे की नाही, तोंडातल्या टाळूला भेग आहे का, गुडघ्याची वाटी सरकते का, हे हाताने आणि डोळ्यांनी तपासता येते. डोक्यावरची टाळू उघडी राहिलेली अनेक पिल्ले आयुष्यभर ठीक राहतात, पण घेणाऱ्याला ती गोष्ट माहीत असलीच पाहिजे, कारण डोक्यावर बसलेला किरकोळ फटकाही अशा पिल्लाला महागात पडू शकतो.

या तपासण्या होण्यापूर्वी किंमत ठरवणे म्हणजे आपण काय विकतो आहोत हे न पाहता विकणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या झाल्यावरही ती भावंडांपेक्षा जास्त असण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. जास्त किमतीचा परिणाम त्या एका व्यवहारापुरता राहत नाही. लहान पिल्लाला जास्त पैसे मिळतात हे एकदा कळले की लहानात लहान नर-मादी एकत्र आणल्या जातात, पिल्लू अधिक लहान दिसावे म्हणून त्याला सहाव्या-सातव्या आठवड्यातच आईपासून तोडले जाते, वय वाढवून सांगितले जाते, आणि पोटभर खाऊ घालण्यातही हात आखडता घेतला जातो. या जातीच्या पिल्लाने, त्यातही अशा अशक्त पिल्लाने, निदान बारा आठवडे आईजवळ राहायला हवे.

मग असे पिल्लू फुकट द्यावे का? आमच्या घरात यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ‘नको’ असा निर्णय झाला. फुकट मिळालेले पिल्लू हौसेखातर नेले जाते, हौस फिटली की मागे पडते, आणि काही जण ते केवळ पुढे विकण्यासाठी नेतात. शेवटी आम्ही तिची किंमत भावंडांपेक्षा बरीच कमी ठेवली: लसी, जंतांचे औषध, मायक्रोचिप आणि पशुवैद्यकीय तपासणी यांवर झालेल्या खर्चाएवढी. ती कमी का आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचे असेही ठरवले. तिच्या पुढच्या देखभालीवर नेहमीपेक्षा अधिक खर्च होऊ शकतो, तेव्हा तो पैसा घेणाऱ्याच्याच हाती राहिलेला बरा. दुधाचे सुळे पडत नाहीत आणि ते काढून घ्यावे लागतात, हे या जातीत नेहमीचेच आहे. अशा इवल्याशा देहाला भूल देताना रक्तातील साखर आणि शरीराचे तापमान दोन्ही झपाट्याने उतरू शकतात, म्हणून तेवढीच दक्षता घेणारा डॉक्टर गाठावा लागतो.

किमतीइतकेच महत्त्व घराला आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसांच्या रिकाम्या घरात हे पिल्लू देता येत नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो आणि अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे काही तासांचा उपास, थंडी किंवा अतिखेळ एवढ्यानेही रक्तातील साखर घसरते. पिल्लू आधी मलूल होते, मग झोकांड्या खाते, थरथरते, आणि वेळेवर कोणी पाहिले नाही तर त्याला आकडी येते. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचे पाणी बोटाने हिरड्यांवर चोळायचे, पिल्लाला ऊब द्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पातळ पदार्थ ओतायचा नाही, कारण तो श्वासनलिकेत जातो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाऊ घालणारे कोणीतरी घरात असणे, ही माझी पहिली अट आहे. अगदी लहान मुले किंवा मोठी कुत्री असलेल्या घरांना मी नम्रपणे नाही म्हणते. ती माणसे वाईट असतात म्हणून नव्हे; सोफ्यावरून पडणे किंवा खेळता खेळता एखादा पंजा बसणे एवढ्यानेही या पिल्लाचे पायाचे हाड मोडू शकते. फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टाच वापरावा, हेही मी सांगते, कारण या जातीची श्वासनलिका मुळातच नाजूक असते आणि पुढे ती दबण्याचा आजार होऊ शकतो.

ती मादी असल्याने आणखी एक गोष्ट लेखी घेणे मला अत्यावश्यक वाटते. ‘हिची पिल्लेही अशीच होतील ना?’ असे मला दोघांनी विचारले. इतक्या लहान मादीच्या कमरेच्या हाडांत जन्माच्या वेळी पिल्लू अडण्याचा धोका फार मोठा असतो आणि शस्त्रक्रिया करूनही आई वाचेलच असे नसते. म्हणून तिच्यापासून पिल्ले घेतली जाणार नाहीत आणि पशुवैद्य सांगतील त्या वयात तिची नसबंदी केली जाईल, हे करारात असेल. कोणत्याही कारणाने सांभाळणे अशक्य झाले तर ती परस्पर दुसऱ्याला न देता आमच्याकडेच परत यावी, हेही त्यात असेल. आणि परत आणणाऱ्याला आम्ही एका शब्दानेही दोष देणार नाही, असे मी तोंडी सांगते. पुष्कळ माणसे केवळ संकोचापोटी चुकीच्या हाती जनावर सोपवतात.

मोठेपणी तिचे वजन किती होईल, याचे वचन मी कोणालाही देत नाही. बाराव्या आठवड्याच्या वजनावरून अंदाज बांधता येतो, पण मागे पडलेली पिल्ले उशिरा अंग धरतात आणि अंदाज चुकतो. ती दोन किलोची झाली तरी जो तिला तितक्याच प्रेमाने ठेवील, त्याच्याच घरी तिने जावे.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. पिल्लांच्या जाहिराती स्वीकारताना त्यांत जन्मतारीख, आजचे वजन, झालेल्या लसी आणि पशुवैद्यकीय तपासणी झाली आहे की नाही, एवढा मजकूर आपण सक्तीचा करावा आणि ‘टीकप’ हा शब्द छापू नये. जाहिरातीच्या दोन ओळी वाढतील, पण घेणारा निदान कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवून तरी येईल.

आमच्या पिल्लाच्या रक्ताच्या चाचणीचा अहवाल पुढच्या आठवड्यात यायचा आहे. तो हाती येईपर्यंत आम्ही कोणाकडूनही इसार घेणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक