पेरणी उरकल्यावर बीजप्रक्रिया कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. ‘कृषिकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’, नाहीतर ‘कृषिदूतांचे गावात स्वागत’. कृषिकन्या आणि कृषिदूत म्हणजे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला गावात राहून शिकायला आलेल्या मुली आणि मुले. सोबत फोटो असतो. अंगात अ‍ॅप्रन, डोक्यावर टोपी, मधोमध सरपंच, बाजूला मुख्याध्यापक आणि पुढे घमेल्यात चार मुठी सोयाबीन. फोटोतल्या माणसांच्या मागे नीट पाहावे, तर तिथे गुडघ्याला लागलेले सोयाबीन उभे दिसते. ऑगस्ट निम्मा सरलेला असतो, शिवारात एक दाणा पेरायचा राहिलेला नसतो आणि मुली बियाण्याला औषध कसे चोळायचे ते सांगत असतात.

मी स्वतः परभणीहून बी.एस्सी. (कृषी) केलेले आहे. लग्नानंतर वसमत तालुक्यात घरची शेती बघते. सोयाबीन, हळद आणि रब्बीला हरभरा. गावात कृषिकन्या आल्या की त्यांची उतरायची सोय बहुतेक वेळा आमच्याकडेच होते. त्यामुळे या मुली मला जवळून माहीत आहेत आणि आधीच सांगते, यात त्यांचा काडीचा दोष नाही. पोरी हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना गावात पाठवले जाते तीच वेळ चुकीची आहे, एवढ्यासाठी हे पत्र.

कृषी पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. पहिली सहा सत्रे वर्गात, प्रयोगशाळेत आणि महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शेतावर, जातात. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, पशुसंवर्धन, विस्तार शिक्षण असा मोठा पसारा आहे. सातवे सत्र गावाचे. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे त्याचे कागदावरचे नाव, सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात. कृषी पदवीचा देशभरचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखून दिल्याप्रमाणे हे सत्र वीस आठवड्यांचे होते. त्यातले साधारण आठ आठवडे गावात, शेतकऱ्याबरोबर. बाकीचे संशोधन केंद्र, पीक चिकित्सालय, एखादा कृषी उद्योग आणि शेवटी अहवाल. चार वर्षांत विद्यार्थी खऱ्या शेतकऱ्याच्या खऱ्या वावरात उभा राहतो तो एवढाच काळ.

आता सोयाबीनचा हिशेब बघा. पेरणीपासून काढणीपर्यंत वाणाप्रमाणे पंच्याण्णव ते एकशे दहा दिवस. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरले की दसऱ्याच्या आगेमागे घरात येते. म्हणजे एक अख्खे पीक एका सत्रात आरामात बसते. अभ्यासक्रमाला इतकी जुळून येणारी दुसरी गोष्ट मला तरी दिसत नाही. तरीही सहाव्या सत्राच्या परीक्षा, निकाल, गटवाटप, उद्बोधन वर्ग असे करत करत मुलं गावात पोहोचेपर्यंत कोळपणीसुद्धा उरकलेली असते. ती येतात तेव्हा फवारणी चालू असते आणि शेंगा भरायच्या आत ती निघूनही जातात. पेरणी त्यांना दिसत नाही आणि काढणीही दिसत नाही.

माती परीक्षणाचेही तेच. नमुना घ्यायचा तो रान मोकळे असताना, खत टाकण्याआधी. व्ही आकाराचा खड्डा, वीसेक सेंटिमीटर खोल, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळ्या जागांची एकत्र करायची आणि चार भाग करत करत अर्ध्या किलोवर आणायची. हे सगळे मुलींना तोंडपाठ असते. पण डीएपी खत पडून महिना झालेल्या उभ्या पिकात त्यांनी तो खड्डा खणून दाखवला, तर बघणारा शेतकरी काय शिकणार? तो माना डोलावतो, चहा पाजतो आणि कामाला लागतो. मुलींनाही हे कळते. एकीने मला विचारलेच, “काकू, हे आत्ता दाखवून काही उपयोग आहे का?” काय उत्तर देणार? प्रात्यक्षिकांच्या यादीत ते आहे, त्याला गुण आहेत, म्हणून ते करायचे.

हीच मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात आली असती तर काय झाले असते? २०२० चा खरीप आठवून बघा. सोयाबीन उगवलेच नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला होता, दुबार पेरणीने शेतकरी मोडून गेले होते, आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या साली बियाण्याचे दोष होतेच. पण उगवणशक्ती घरी तपासायची तर ओले गोणपाट आणि शंभर दाणे एवढेच लागते. गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत दाणे ठेवायचे, गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि आठवड्याच्या आत मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीचे बियाणे वापरायचे, थोडे कमी पडले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी असेल तर ते पेरायचेच नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, पोती आदळली तरी उगवण घटते, हे माहीत असलेली पाच-सहा मुले पेरणीआधी घरोघर फिरली तर गावाचे किती पैसे वाचतील! बीजप्रक्रियेचा क्रमही तेव्हाच सांगायचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वात शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि वाळवायचे ते सावलीत. क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात. ही माहिती ज्या सकाळी तिफणीवर किंवा पेरणी यंत्रावर बियाणे भरायचे असते त्या सकाळी सोन्याची. दीड महिन्याने तिचा फक्त फोटो निघतो.

एक प्रसंग सांगते. आमच्या धुऱ्याला लागून शेजाऱ्याचे सोयाबीन आहे. एका दुपारी मुली तिथून येत होत्या. एकीला काही झाडांचे वरचे पान मान टाकलेले दिसले. तिने देठ वाकवून बघितला तर त्यावर दोन बारीक गोल खाचा, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. नखाने देठ चिरला, आत पिवळसर अळी. चक्रीभुंगा. परीक्षेत तिने तो लिहिला होता, वहीत त्याची आकृती काढली होती, पण जिवंत अळी हातावर घेतली ती त्या दिवशी. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. शेजारी दुकानातून काहीतरी ‘जबरदस्त’ औषध आणायला निघालेले होते. तिने त्यांना थांबवले. मैत्रिणींना घेऊन ओळीओळीने फिरली, मीटरभर ओळीत किती झाडे लागली ते मोजले, अजून फवारणीची पातळी आली नाही असे सांगितले, आणि खाच पडलेली पाने देठासकट तोडून नष्ट करायला लावली. शेजारी मला नंतर म्हणाले, “वहिनी, या पोरीला चार दिवस जास्त ठेवून घ्या.” पण पुढच्याच आठवड्यात गटाचे गावातले दिवस संपले. पुढे तो भुंगा वाढला की थांबला, शेवटी एकरी किती पोती झाली, हे त्या मुलीने बघितलेच नाही. शेतीचे शिक्षण तर तिथेच असते. सल्ला दिला आणि त्याचा परिणाम मापात पाहिला, तरच पुढचा सल्ला देताना जबाबदारी कळते.

फवारणीचा विषय निघालाच आहे म्हणून यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, तोंडाला नुसता रुमाल. आज कोणते औषध, किती मिली, कशात मिसळायचे हे बहुतेक गावांत दुकानदार सांगतो. गावपातळीवरच्या सरकारी कृषी कर्मचाऱ्याकडे इतकी गावे आणि इतकी कागदपत्रे असतात की तो तरी कुठे कुठे पुरणार? म्हणूनच तर खते आणि कीटकनाशके विकणाऱ्याकडे कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी अथवा ठरवून दिलेले प्रशिक्षण हवे, असा नियम केंद्राने केला. नियम उत्तम आहे. पण पदवीचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर आणि पदवीधर कुठेतरी शहरात अभ्यासिकेत, असा प्रकारही चालतो, ही गोष्ट आपल्या सगळ्या वाचकांना ठाऊक आहे. सगळी दुकाने तशी नाहीत. काउंटरवर स्वतः उभे राहून औषध किती विषारी ते सांगणारा लेबलवरचा रंगीत त्रिकोण दाखवणारे, हातमोजे घेतल्याशिवाय औषध न देणारे पदवीधरही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे पाच-सात गावांतून लोक येतात.

मुलं लोकसेवा आयोगाचा किंवा बँकेच्या कृषी अधिकारी पदाचा अभ्यास करतात यात गैर काही नाही. आईबापांनी त्यासाठीच पोटाला चिमटा घेऊन शिकवलेले असते, आणि खाजगी महाविद्यालयाची फी भरली असेल तर कर्जही असते. पण जागा थोड्या आणि पदवीधर खूप. केंद्राची अ‍ॅग्रीक्लिनिक योजना २००२ पासून आहे. प्रशिक्षण मिळते, एकट्याला वीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी बँकेचे कर्ज आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान. तरी गावात येऊन स्वतःचे सल्ला केंद्र काढायची हिंमत किती जण करतात? ज्याने एकही हंगाम सलग गावात काढलेला नाही, त्याला ती हिंमत येणार कुठून, आणि गावाने तरी त्याच्यावर भरवसा का ठेवावा?

अडचणी मला कळतात. परीक्षांचे वेळापत्रक मागे घ्यावे लागेल, सहावे सत्र मेअखेर संपवावे लागेल. कपाशी किंवा तुरीचे पीक सत्रात पुरे होत नाही. कोकणातला भात मात्र होतो, आमचे सोयाबीन, मूग, उडीदही होतात. मुलींच्या राहण्याचा प्रश्न तर आहेच. स्वच्छतागृह नीट नाही, खोली मिळत नाही म्हणून कित्येक गट रोज एसटीने जाऊन-येऊन करतात, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून तीनलाच निघतात. त्यासाठी महाविद्यालयाने गावातल्या घराला रीतसर भाडे द्यावे. खाजगी महाविद्यालयांची संख्या आता सरकारी महाविद्यालयांच्या कितीतरी पुढे गेली आहे; तिथे तर प्रक्षेत्रही तोकडे असते, म्हणून त्यांना गावाची गरज जास्त.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही विद्यापीठे उभी राहिली तीच शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली असावे म्हणून. पुण्याची कृषी शिक्षण व संशोधन परिषद चौघांना जोडते. नवा अभ्यासक्रम आत्ता लागू होतोच आहे, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही त्यात आहे. त्याचे वेळापत्रक बसवताना गावातले सत्र एक जूनला सुरू करून काढणीपर्यंत सलग ठेवावे आणि प्रत्येक गटाने एका शेतकऱ्याच्या ठरलेल्या तुकड्याचा खर्च, फवारण्या आणि उत्पादन लिहून काढावे, त्यावरच गुण द्यावेत, अशी माझी मागणी आहे.

आपल्यालाही एक विनंती. प्रात्यक्षिकाची बातमी आली की वार्ताहराला एवढेच विचारायला सांगा: या गावात पेरणी कधी झाली? ती तारीख बातमीत छापा.

आणि कोणत्याही महाविद्यालयाची तयारी असेल तर येत्या खरिपात आमचे एक एकर सोयाबीन एका गटाच्या हाती द्यायला मी तयार आहे. बियाणे, खत, मजुरी आमची, निर्णय मुलांचे. घरात एक खोली आणि वेगळे स्वच्छतागृह आहे. फक्त मृगाआधी या.

एक शेतकरी वाचक,
ता. वसमत, जि. हिंगोली