बाबांना आलेलं समन्स

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आई बोलूच देत नव्हती, म्हणून लिहिते आहे. "पोलीस दारात आला, सगळ्यांनी पाहिलं" हेच तिचं चाललं होतं. आई, फौजदारी खटल्यातलं समन्स बहुधा पोलीसच आणून देतात. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. वर खटल्याचा क्रमांक, मग त्या टेम्पोवाल्याचं नाव आरोपी म्हणून, खाली गोल शिक्का, आणि बाबांच्या नावापुढे 'साक्षीदार'. अपघात पाहिला आणि तेव्हा पोलिसांना जबाब दिला, एवढाच त्यांचा संबंध.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते भांडायला जाणाऱ्यांसाठी. साक्षीदाराला पायरी न चढणंच महागात पडतं. विनाकारण गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं, आणि मग पोलीस कागद द्यायला नाही, घेऊन जायला येतील. त्यामुळे डॉक्टरच्या खोट्या सर्टिफिकेटचा विचार सोडून दे. गुडघे खरंच साथ देत नसतील तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून साक्ष घ्यावी अशी विनंती करता येते. ती आधी करायची, आयत्या वेळी नाही.

आता बाबा, तुमच्याशी. मला काळजी कोर्टाची नाही, तुमच्या गोष्ट रंगवून सांगण्याची आहे! हा अपघात सांगताना तुम्ही हमखास म्हणता, "तो टेम्पोवाला प्यायलेला होता." वास आला होता का? नसेल तर तो तुमचा अंदाज झाला, आणि समोरचा वकील नेमका तोच धागा पकडेल. वेग किती होता, हेही तसंच. "जोरात आला" हे तुम्ही पाहिलंत, "ऐंशीने आला" हे नाही.

आधी सरकारी वकील विचारतील, ती सरतपास. त्यात उत्तर सुचवणारे प्रश्न सहसा विचारता येत नाहीत. मग आरोपीचा वकील विचारतो त्या उलटतपासात येतात, आणि तिथे वाक्यं अशी फिरवलेली असतात: "हे म्हणणं खरं नाही की, तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतात?" याला हो म्हणावं की नाही, हे मलाही पटकन कळणार नाही. तुम्ही सरळ म्हणा, "मी तिथे होतो." प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. जबाब जुना आहे, म्हणून तारखेआधी सरकारी वकिलांना भेटून तो समजून घ्या. उत्तर देताना न्यायाधीशांकडे पाहा आणि थांबत थांबत बोला, कारण ते टाइप होत असतं. शेवटी साक्ष वाचून दाखवतील तेव्हा कान देऊन ऐका. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर सहीआधीच सांगायचं.

आरोपीकडचा कुणी "काका, जरा सांभाळून घ्या" म्हणत घरी आला होता, हे आईने सहज सांगितलं, पण मला ते सहज वाटलं नाही. त्याला पुन्हा घरात घेऊ नका. चहासुद्धा नको. तो परत आला तर सरकारी वकिलांच्या कानावर घाला. धमकीच दिली तर संरक्षणासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना त्यासाठीच आहे. शपथेवर खोटं बोलणं हा मात्र आपलाच गुन्हा ठरतो, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दिवसभर बसवून ठेवून पुढची तारीखही देतील, तेव्हा चिडू नका. पुढची तारीख तिथेच लिहून घ्या आणि साक्षीदाराचा भत्ता मिळेल का, हे कारकुनाला विचारा. मी आदल्या रात्री पोहोचते. सुनावणी खुली असते, त्यामुळे आई आणि मी मागच्या बाकावर बसू शकतो. फक्त आई, बाबा अडखळले तरी तू मागून उत्तर सांगायचं नाहीस.

तुमची लेक