विषय : गच्चीवरचे पत्रे पुढच्या वादळाआधी उतरवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, जुळे सोलापूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या वळवात सदनिका ४०२ च्या शेडचा एक पत्रा गच्चीच्या कठड्यावरून उडाला आणि खाली पार्किंगमध्ये १०३ च्या स्कूटीच्या सीटमध्ये रुतला. संध्याकाळची वेळ होती. त्या वेळी रोज तिथे मुले क्रिकेट खेळत असतात. धूळ सुटली म्हणून त्यांच्या आयांनी हाका मारून त्यांना वर घेतले होते, एवढ्यावरच निभावले. त्या रात्री आपण ग्रुपवर लिहिलेत, 'निसर्गापुढे कोणाचे चालत नाही.' अध्यक्ष साहेब, वारा निसर्गाचा होता हे मान्य. पत्रा ४०२ चा होता, आणि तो ज्या गच्चीवरून उडाला ती आपल्या सगळ्यांची आहे.

हे शेड कसे उभे राहिले ते समितीतल्या नव्या सभासदांना माहीत नसेल, म्हणून लिहितो. ४०२ मध्ये लग्न होते. पाहुण्यांच्या जेवणासाठी चार दिवस मांडव घालतो म्हणाले, आम्ही सगळ्यांनी आनंदाने हो म्हटले. आमच्या घरातल्या खुर्च्यासुद्धा वर गेल्या. लग्न झाले, कापड उतरले, पत्रे राहिले. पावसाळा संपला की काढतो, असे ठरले. मग दिवाळीनंतर. मग गड्ड्याची यात्रा झाली की. मग धाकट्याची बारावी. आता तिथे जुना कूलर, गाद्या, पाण्याची पिंपे आणि शेंगांची पोती आहेत, आणि कुणी विचारले तर उत्तर मिळते की पत्र्यामुळे स्लॅब तापत नाही. आम्हीही चौथ्याच मजल्यावर राहतो. सोलापूरचे ऊन आमच्या डोक्यावरही तेवढेच असते. आम्ही सगळ्यांना विचारून आमच्या वरच्या भागाला पांढरा रंग मारून घेतला, स्वखर्चाने. कुणाच्या वाटेत काही उभे केले नाही.

ते पत्रे लोखंडी अँगलला जे-हूकने, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टने, आवळलेले नाहीत. वर विटा आणि जुने टायर ठेवले आहेत, बस्स. वारा पत्र्याच्या खाली शिरला की पत्रा वर उचलला जातो. मग वर ठेवलेली वीटही पत्र्याबरोबर उडते, म्हणजे धोका दुप्पट. ४०२ चे म्हणणे असे की आभाळ आले की मी वर जाऊन दोरी बांधून येतो. वळवात तेवढी सवड मिळत नाही. ढगातली थंड हवा जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते, त्यामुळे झोत पावसाच्या आधी येतो. विजापूर रोडच्या बाजूने धुळीची भिंत दिसेपर्यंत पत्रे वाजायला लागलेले असतात. आणि विजा कडाडत असताना उघड्या गच्चीवर लोखंडाला हात लावून उभे राहणे हा काही उपाय म्हणता येत नाही. हवामान खाते यलो अलर्ट देते, त्यात अनेकदा ताशी ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याचा इशारा असतो. तो इशारा ग्रुपवर टाकला तर लोक अंगठा दाखवतात आणि झोपतात. आम्ही झोपू शकत नाही, कारण तो खडखडाट आमच्या डोक्यावर चालतो.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. गच्चीचे पाणी उतरायला दोनच पाइप आहेत, त्यांतला पूर्वेचा बरोबर शेडखाली येतो. गादीचा कापूस, पोत्याचे धागे, शेंगांची टरफले त्याच्या जाळीत बसली आहेत. हजार चौरस फुटांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २३०० लिटर पाणी होते, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल एवढे. ते तुंबले की जिन्याच्या दारातून आत येते, लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिरते आणि भिंतीने उतरत मीटरच्या बोर्डापर्यंत जाते. परवा लिफ्ट बंद पडली ती अजून बंद आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. लाइट गेली की पंप बंद, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला काय सांगायचे? ज्या दिवशी पाणी आले त्याच दिवशी पंप चालला नाही तर पुढचे दिवस कसे काढायचे ते घरातल्या बायकांना विचारा.

मागच्या सभेत आपण म्हणालात की सोलापुरात असा कितीसा पाऊस पडतो. जिल्हा पर्जन्यछायेत आहे, खरे आहे. तरीही १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळकडची गावे पाण्यात होती. आपल्याकडे पाऊस कमी दिवस पडतो, पण पडतो तेव्हा असा पडतो.

आता नियमांचे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, कठडा आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीकडे येते. सामाईक जागा सभासदाने अडवायची नाही, हेही त्यात आहे. बांधकाम खर्चाच्या दरसाल ०.७५ टक्के दुरुस्तीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी (मोठ्या कामांची राखीव शिल्लक) आपण भरतो, ते कशासाठी? इमारतीला वीस वर्षे झाली. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी व्हायला हवे. शेवटचे कधी झाले, याचे उत्तर सेक्रेटरींनी मला अजून दिलेले नाही. दर वेळी एकच ऐकतो : समजुतीने घ्या. तुंबलेल्या पाण्याचा व्हिडिओ टाकला तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचे असे झाले. आपला ४०२ शी घरोबा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो समितीच्या कामात येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. १०३, २०१, २०४ आणि तिसरा मजला सगळा माझ्या मताचा आहे. ते सही करत नाहीत कारण रोज जिन्यात तोंड बघायचे असते. मलाही बघायचे असते, माझे दार तर त्यांच्या दाराला लागून आहे. म्हणूनच इतके दिवस बोलून पाहिले, उतरवायच्या मजुरीत निम्मा वाटा देतो असेही म्हणालो. तो प्रस्ताव आता मागे घेत आहे.

पत्रे आणि त्याखालचे सामान सोसायटीने माणसे लावून उतरवावे आणि खर्च ४०२ च्या मेंटेनन्स बिलात लावावा. स्कूटीची भरपाई त्यांनी द्यावी. पूर्वेचा पाइप त्याच दिवशी मोकळा करून घ्यावा.

रविवारपर्यंत गच्ची मोकळी झाली नाही तर सोमवारी या पत्राची प्रत, फोटोंसह, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे देणार आहे. दुसऱ्या प्रतीवर आपली सही आणि शिक्का हवा. वॉचमनच्या सहीला मी पोच धरणार नाही.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ४०३

ता. क. : गच्चीच्या कुलपाची किल्ली ४०२ मध्ये असते. परवा पाणी तुंबले तेव्हा ते गावाला गेलेले होते आणि आम्ही बंद दारापाशी बॅटरी घेऊन उभे होतो. ती किल्ली आजच सोसायटीच्या ऑफिसात ठेवावी.