वॉटरप्रूफ कव्हरखाली गाडीचा रंग गेला, त्याबद्दल तक्रार

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय : पावसाळी कार कव्हरमुळे रंगाचे झालेले नुकसान

महोदय,

मे अखेरीस मी आपल्या कंपनीचे 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' कव्हर २,४५० रुपयांना घेतले. आमची गडद निळी गाडी रत्नागिरीत उघड्या अंगणात उभी असते. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ही गाडी त्यांच्या माघारी मी जपते, म्हणूनच एवढे पैसे मोजले.

जुलैत बहिणीच्या बाळंतपणासाठी बावीस दिवस पुण्याला होते. निघण्यापूर्वी गाडी धुऊन कोरडी पुसली आणि कव्हर घालून पट्टे बांधले. परत येऊन कव्हर काढले तर ते आतून निथळत होते, कुबट वास येत होता. टपावर आणि बॉनेटवर दुधट डाग पडले होते. हात फिरवला की मोहरीएवढे फोड बोटांना लागत होते. दरवाजांचा खालचा भाग, जिथे कव्हर अंगाला टेकत नाही, तो मात्र स्वच्छ आहे. याआधीचे चार पावसाळे हीच गाडी याच अंगणात कव्हराशिवाय भिजली, तेव्हा असे काही झाले नव्हते.

गॅरेजच्या पेंटरने पॉलिश मारून पाहिले, डाग हलले नाहीत. ओल क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, आत शिरली आहे, असे त्याचे म्हणणे. कव्हर पाहून त्याने कारणही सांगितले. आतला प्लास्टिकचा थर वरचे पाणी अडवतो, पण ओल्या जमिनीतून उठणारी वाफही बाहेर जाऊ देत नाही. मध्येच ऊन पडले की आत उबारा होतो, रात्री त्याचेच पाणी रंगावर बसते. हवा खेळायला कव्हराला एक झडपसुद्धा नाही. घासून नव्याने रंग द्यायचा खर्च त्याने १६,५०० रुपये सांगितला आहे.

कव्हर किती दिवस ठेवावे, अधूनमधून काढून वाळवावे, यातले एक अक्षरही पाकिटावर नाही. फोनवर मात्र उत्तर मिळाले, 'हवामानामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.' पावसाळ्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूबाबत हे कारण मला मान्य नाही.

कव्हराची किंमत आणि रंगकामाचा खर्च मिळून १८,९५० रुपये पंधरा दिवसांत द्यावेत आणि पाकिटावर ठळक सूचना छापावी. कोकणात असे कव्हर घेणारे माझ्यासारखे अनेक असतील, त्यांच्या गाड्या तरी वाचू देत. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावती, फोटो आणि पेंटरचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. कव्हर जपून ठेवले आहे, गाडीलाही अजून रंग दिलेला नाही. पाहणीसाठी माणूस लवकर पाठवावा.

कळावे,
आपली ग्राहक,
रत्नागिरी