ठसका लागला नाही, म्हणून आणखी दोन चमचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, जीभ जड होणं या पक्षाघाताच्या लक्षणांविषयी आता बऱ्यापैकी छापून येतं. गिळण्याविषयी मात्र नाही. सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो, हे मला वडिलांच्या आजारपणात कळलं, तेही उशिरा.

त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. मी दोन चमचे पाजलं. ठसका लागला नाही, म्हणून आणखी दोन. थोड्या वेळानं आवाज ओलसर, घशात पाणी खळखळावं तसा येऊ लागला. पुढे न्यूमोनिया. पाण्यानं काय होणार, अशी आपली समजूत. पण पाणी झरकन घसरतं आणि सुस्तावलेल्या घशाला श्वासनलिका वेळेत मिटता येत नाही. संवेदना गेली असेल तर ठसकाही लागत नाही. ‘गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काही देऊ नये’ एवढी पाटी खाटेला हवी होती.

मग नाकातून नळी आली. ‘नळी लागली म्हणजे संपलंच,’ असं भेटायला येणारे कुजबुजत. तसं नसतं. बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. लांबलं तर थेट जठरात उघडणारी ‘पेग’ नळी बसवता येते. तिची घाई मात्र नको, असंच 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं.

माझी तक्रार घरी सोडतानाच्या पद्धतीची आहे. हातात सिरिंज आणि औषधांची यादी, बस्स. आहार देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं उंच हवं, नळीवरची नाकाजवळची खूण सरकलेली नाही ना ते दर वेळी बघायचं, नळी आधी-नंतर पाण्यानं धुवायची, हे मी इकडून तिकडून शिकले. सावकाश विरघळणारी, म्हणजे कुटायचीच नसते अशी एक गोळी तर चार दिवस बिनधास्त कुटून दिली! तोंडानं काही जात नसलं तरी दात-जीभ रोज पुसायची, कारण लाळेतले जंतूही फुफ्फुसात उतरतात, हेसुद्धा नंतरच समजलं.

नातेवाइकाकडून परिचारिकेसमोर एकदा तरी नळीतून आहार देऊन घ्यावा आणि गिळण्याची स्थिती डिस्चार्जच्या कागदावर त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावी, एवढीच मागणी.

बाबांची नळी आता निघाली आहे. पाणी मात्र अजूनही घट्ट करून, चमच्यानंच द्यावं लागतं. चमचा पुढे केला की शिकवल्याप्रमाणे ते आपणहून हनुवटी खाली घेतात.

– एक वाचक